घरी बांधलेले विमान : किट, कायदा आणि नागरिकाचा हक्क – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विमानाचा इतिहास आपल्याकडे प्रामुख्याने तीन अंगांनी लिहिला गेला आहे. पहिले अंग युद्धांचे, दुसरे विमान कंपन्यांचे आणि तिसरे थोर वैमानिकांच्या चरित्रांचे. या तिन्ही अंगांत न बसणारा एक चौथा प्रवाहही शंभराहून अधिक वर्षे वाहतो आहे. नोकरीधंदा सांभाळून, फावल्या वेळात, स्वतःच्या पैशाने, घराशेजारच्या गॅरेजमध्ये, धान्याच्या कोठारात किंवा इमारतीच्या गच्चीवर विमान बांधून त्यातून उड्डाण करणाऱ्या सामान्य नागरिकांचा हा प्रवाह होय. तो वाटतो तितका क्षुल्लक नाही. अमेरिकेत २०११ साली अशी सुमारे ३३ हजार विमाने होती आणि तेथील खासगी व छोट्या विमानांच्या एकूण ताफ्यात त्यांचा वाटा जवळजवळ दहा टक्के होता.

सुतार घरी टेबल बनवतो, त्यासाठी त्याला शासनाची परवानगी लागत नाही. मात्र घरी बनवलेले विमान इतरांच्या घरांवरून उडते. ते कोसळले तर बांधणाऱ्याबरोबर इतरांचाही जीव जाऊ शकतो. म्हणून एखादा नागरिक विमान बांधू लागला की राज्यसंस्थेपुढे एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो : नागरिकाने स्वतःच्या जबाबदारीवर किती धोका पत्करावा आणि शासनाने त्याला कोठे अडवावे? प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाच्या आधारे घरगुती विमानबांधणीच्या इतिहासाची मांडणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे

१) घरगुती विमानबांधणीच्या चळवळीचा उदय व विकास यांचा कालक्रमाने आढावा घेणे.
२) नकाशावरून होणाऱ्या बांधणीकडून किटवरून होणाऱ्या बांधणीकडे झालेल्या स्थित्यंतराची कारणे तपासणे.
३) अपघात, बंदी आणि कायदा यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.
४) भारत, विशेषतः महाराष्ट्र, यांच्या संदर्भात या अनुभवाचा अर्थ लावणे.

संशोधन पद्धती व गृहीतक

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो मुख्यतः प्रकाशित माहितीवर आधारलेला आहे. घरगुती विमानबांधणीचा इतिहास वरवर तंत्रज्ञानाचा दिसत असला तरी त्याची दिशा मुख्यतः नागरिक आणि शासन यांच्यातील परवानगीच्या संबंधाने ठरवली, हे या अभ्यासाचे गृहीतक आहे.

सुरुवातीचा काळ : सर्व विमाने घरचीच

१७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉक येथे राइट बंधूंनी पहिले उड्डाण केले. ते बारा सेकंद टिकले आणि त्यात १२० फूट अंतर कापले गेले. हे दोघे बंधू ओहायोतील डेटन या गावी सायकलींचा व्यवसाय करीत. त्यांचे विमान कोणत्याही कारखान्यात तयार झालेले नव्हते आणि त्याला कोणाचे प्रमाणपत्रही नव्हते, कारण असे प्रमाणपत्र देणारी यंत्रणाच तेव्हा अस्तित्वात नव्हती. या अर्थाने जगातील पहिले विमान हे घरगुती बांधणीचेच विमान होते. घरी विमान बांधणारा माणूस पुढे अपवाद ठरला, पण आरंभी तोच नियम होता.

ब्राझीलमध्ये जन्मलेले आणि पॅरिसमध्ये कार्य केलेले आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ यांनी या प्रथेला सार्वजनिक रूप दिले. त्यांचे 'द्मोझेल' हे विमान अतिशय लहान होते. बांबूचा सांगाडा आणि रेशमी कापडाचे पंख असलेल्या या विमानाचे एकाधिकार त्यांनी स्वतःकडे ठेवले नाहीत. १९१० साली 'पॉप्युलर मेकॅनिक्स' या अमेरिकी मासिकाने त्याचे नकाशे प्रसिद्ध केले. राइट बंधू याच सुमारास आपल्या पेटंटच्या रक्षणासाठी न्यायालयात लढत होते. एकाच दशकात विमानाविषयीच्या ज्ञानाची ही दोन परस्परविरोधी रूपे दिसतात. एका बाजूला ते खासगी मालमत्ता आहे, तर दुसऱ्या बाजूला चार आण्यांच्या मासिकातून कोणाच्याही हाती पडू शकेल असे सार्वजनिक धन आहे. घरगुती विमानबांधणीची चळवळ या दुसऱ्या परंपरेतून वाढली.

मंदीच्या काळातील स्वस्त आकाश

पहिल्या महायुद्धानंतर विमाने कारखान्यांतून बाहेर पडू लागली आणि त्यांची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेली. या परिस्थितीत अमेरिकेत दोन प्रयत्न लक्षणीय ठरले. शिकागोचे एड हेथ यांनी 'पॅरासोल' नावाचे एका माणसाचे विमान तयार केले. त्याला मोटारसायकलचे इंजिन बसवता येई. हेथ यांच्या कंपनीने ते केवळ नकाशाच्या रूपात न विकता सुट्या भागांच्या संचाच्या रूपातही विकले, म्हणजे आजच्या किटची कल्पना येथे स्पष्ट दिसते. १९३१ साली एका विमानाची चाचणी घेताना हेथ यांचा मृत्यू झाला. त्यांच्या कंपनीचे नाव मात्र टिकले. दुसऱ्या महायुद्धानंतर याच नावाने घरी जोडायच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे संच जगभर गेले. सुटे भाग आणि सविस्तर पुस्तिका एकत्र देऊन ग्राहकालाच कारागीर बनवण्याची ही पद्धत विमानातून रेडिओकडे गेली, ही बाब तंत्रज्ञानाच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे.

दुसरा प्रयत्न मिनेसोटा राज्यातील चेरी ग्रोव्ह या खेड्यातील बर्नार्ड पीटेनपोल यांचा. त्यांनी १९२९ साली फोर्ड कंपनीच्या 'मॉडेल ए' मोटारीचे इंजिन लाकडी सांगाड्यावर बसवून 'एअर कँपर' हे दोन माणसांचे विमान उडवले. लाकूड, कापड, सरस आणि गावातील मोटारीचे इंजिन एवढ्या सामग्रीवर विमान उभे राहते, हे त्यांनी दाखवले. शेतकरी कुटुंबांजवळ कोठार होते, सुतारकामाची हत्यारे होती आणि मोटारीच्या इंजिनाची ओळख होती. त्यामुळे हे विमान त्यांना परके वाटले नाही. पीटेनपोल यांच्या नकाशांवरून आजही विमाने बांधली जातात.

'आकाशातली ऊ' : उत्साह, अपघात आणि बंदी

युरोपात हीच लाट फ्रान्समधून उठली. आंरी मिन्ये यांनी १९३३ साली एक विचित्र आकाराचे छोटे विमान उडवले. त्याचे फ्रेंच नाव 'पू-द्यु-सिएल', म्हणजे शब्दशः 'आकाशातली ऊ'. इंग्लंडमध्ये ते 'उडती पिसू' या अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झाले. १९३४ साली मिन्ये यांनी ते कसे बांधावे याचे पुस्तक प्रसिद्ध केले. या विमानाला दोन पंख एकामागे एक होते. पुढचा पंख बिजागरीवर वरखाली होई आणि त्यानेच विमानाचे नाक वर किंवा खाली नेता येई. पायाने चालवायची नियंत्रणे त्यात नव्हती. वैमानिकाची कला न शिकताही माणसाला उडता यावे, हा यामागचा उद्देश होता. १९३५ च्या ऑगस्टमध्ये मिन्ये यांनी स्वतः इंग्लिश खाडी ओलांडली आणि इंग्लंड-फ्रान्समध्ये शेकडो हौशी लोकांनी बांधणी सुरू केली.

लगेचच जीवघेणे अपघात होऊ लागले. विमान एकदा ठरावीक मर्यादेपलीकडे खाली झुकले की ते पुन्हा वर येत नसे. १९३६ साली इंग्लंडमधील फार्नबरो आणि फ्रान्समधील शाले-म्यूदाँ येथील मोठ्या वातबोगद्यांत त्याची तपासणी झाली. दोन पंखांच्या मधल्या फटीतून वाहणाऱ्या हवेमुळे मागच्या पंखावरील उचल वाढते आणि नाक आणखी खाली दाबले जाते, असे आढळून आले. वैमानिकाने काठी पूर्ण मागे ओढली तरी विमान सावरत नसे. दोष बांधणाऱ्यांच्या हातात नव्हता, तो आराखड्यातच होता. पुढे आराखड्यात सुधारणा झाल्या, पण तोपर्यंत लोकांचा विश्वास उडाला होता आणि ब्रिटनमध्ये या विमानांना परवाने मिळेनासे झाले.

या प्रकरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पुस्तकावरून विमान बांधणारा माणूस आपल्या कौशल्याबरोबरच आराखडा करणाऱ्याच्या ज्ञानावरही आपला जीव सोपवत असतो. दुसरी, सदर दोष शोधण्यासाठी लागणारा वातबोगदा कोणत्याही हौशी माणसाकडे असणे शक्य नव्हते, तो शासनाकडेच होता. म्हणजे शासनाने केवळ बंदी घालणारी संस्था न राहता ज्ञान पुरवणारी संस्था व्हावे, ही गरज १९३६ सालीच दिसून आली होती.

बंदीपासून मान्यतेपर्यंत

अमेरिकेत १९२६ च्या हवाई व्यापार कायद्याने विमानांची नोंदणी व तपासणी सुरू झाली. १९३० च्या दशकात एकामागून एक राज्यांनी परवाना नसलेल्या विमानांना आपल्या हद्दीत मनाई केली. त्यामुळे घरी बांधलेले विमान उडवणे बहुतेक ठिकाणी बेकायदा ठरले. ओरेगन राज्य याला ठळक अपवाद होते. तेथील स्वतंत्र राज्य कायद्यामुळे हौशी बांधणी टिकून राहिली. संपूर्ण देशातील ही परंपरा लुप्त होण्याच्या मार्गावर असताना तिचे बीज एका राज्याच्या कायद्यात जपले गेले, असे म्हणता येईल.

दुसऱ्या महायुद्धानंतर ओरेगनचेच जॉर्ज बोगार्डस यांनी हा प्रश्न देशाच्या राजधानीपर्यंत नेला. १९४७ साली ते 'लिटल गी बी' नावाच्या घरगुती बांधणीच्या छोट्या विमानातून थेट वॉशिंग्टनपर्यंत उडत गेले. पुढेही त्यांनी असे प्रवास केले. अर्जाच्या कागदापेक्षा अर्जदाराचे विमानच पुरावा म्हणून अधिकाऱ्यांपुढे उभे करण्याची ही रीत परिणामकारक ठरली. १९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या नियमांत 'हौशी बांधणीचे प्रायोगिक विमान' हा स्वतंत्र वर्ग निश्चित झाला. बोगार्डस यांचे ते विमान आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. एका नियमाच्या जन्माचे स्मारक म्हणून एखादे विमान राष्ट्रीय संग्रहालयात असावे, हे विरळाच उदाहरण होय.

ब्रिटनमध्ये १९४६ साली अतिलघु विमानांच्या हौशी मंडळींनी संघटना स्थापन केली. हीच संघटना पुढे वेगवेगळ्या नावांनी वाढली आणि घरगुती विमानांच्या तपासणीचे काम तिच्याकडे सोपवले गेले. अमेरिकेत २६ जानेवारी १९५३ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथे पॉल पोबेरेझ्नी यांनी 'एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' स्थापन केली. १९५५ साली 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' मासिकात पोबेरेझ्नी यांच्या 'बेबी एस' विमानावरील लेखमाला आली. इंजिनासह ८०० डॉलरपेक्षा कमी खर्चात विमान बांधता येईल, असे तिचे आश्वासन होते. तिच्यामुळे संघटनेकडे नवे सदस्य मोठ्या संख्येने वळले. १९७० पासून ओशकोश येथे संघटनेचा वार्षिक मेळावा भरतो. अनुभवी सदस्याने नवख्या सदस्याच्या घरी जाऊन काम तपासणे, चूक दाखवणे, हत्यारे उसनी देणे ही या संघटनेची खरी ताकद होती. शासनाचा निरीक्षक वर्षातून क्वचित येई, शेजारचा सदस्य मात्र दर आठवड्याला येत असे.

नकाशाकडून किटकडे

१९७० च्या दशकापर्यंत घरगुती बांधणी म्हणजे मुख्यतः नकाशावरून बांधणी होती. लाकूड, नळ्या, पत्रा सारे बांधणाऱ्यानेच मिळवायचे, कापायचे आणि जोडायचे. त्यात अनेक वर्षे जात आणि कित्येक विमाने अर्धवट राहत. या परिस्थितीत तीन वेगवेगळ्या दिशांनी बदल घडला.

पहिली दिशा बर्ट रुटान यांची. त्यांचे 'व्हॅरीइझ' हे विमान १९७५ साली उडाले. फोमचे ठोकळे तापलेल्या तारेने कापून त्यांवर काचतंतू आणि इपॉक्सी यांचे थर चढवण्याची त्यांची पद्धत होती. त्यासाठी महागडे साचे किंवा यंत्रे लागत नसत. त्यानंतर आलेले 'लाँग-इझ' अधिकच लोकप्रिय झाले. १९८६ साली रुटान यांच्याच आराखड्याच्या 'व्हॉयेजर' विमानाने डिक रुटान आणि जीना येगर यांना घेऊन, न थांबता आणि वाटेत इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. तथापि १९८५ सालीच रुटान यांनी घरगुती विमानांच्या नकाशांची विक्री थांबवली होती. इतरांनी बांधलेल्या विमानांच्या अपघातांबद्दल आराखडाकर्त्यावर खटले होण्याची भीती हे त्यामागील प्रमुख कारण होते. जबाबदारी कोणाची, हा प्रश्न येथे शासनाऐवजी न्यायालयाच्या मार्गाने पुढे आला.

दुसरी दिशा फ्रँक क्रिस्टेन्सन यांची. १९७७ सालच्या 'क्रिस्टेन ईगल' या कसरतीच्या विमानाचे किट सुव्यवस्थित बांधणीटप्पे आणि बारकाईने लिहिलेल्या पुस्तिका यांसाठी नावाजले गेले. तिसरी आणि सर्वाधिक व्यापक दिशा ओरेगनचे अभियंते रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांची. त्यांचे एका आसनाचे ॲल्युमिनियमचे 'आरव्ही-३' १९७१ साली उडाले. त्यानंतर त्यांच्या 'व्हॅन्स एअरक्राफ्ट' कंपनीने दोन आणि चार आसनांची अनेक विमाने आणली. या मालिकेतील ११ हजारांहून अधिक विमाने जगभरात बांधून उडवली गेली आहेत.

अशा किटची बांधणी कशी होते, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. किट सहसा टप्प्याटप्प्याने विकत घेतले जाते. प्रथम शेपटीचा भाग, नंतर पंख, मग धड आणि शेवटी इंजिन, उपकरणे व रंगकाम. शेपूट आधी देण्यामागे व्यावहारिक शहाणपण आहे. तो भाग लहान व तुलनेने स्वस्त असतो, त्यावर हात बसतो आणि हे काम आपल्याला झेपेल की नाही हे मोठा खर्च करण्यापूर्वीच कळते. पत्र्याला संगणकनियंत्रित यंत्राने आधीच भोके पाडलेली असतात, त्यामुळे दोन भाग भोकाला भोक जुळवून नेमके बसतात. पूर्वी यासाठी लाकडी साचा तयार करावा लागे. जुळवलेल्या भोकांच्या कडा घासून घ्यायच्या, गंजरोधक लेप द्यायचा आणि मग हजारो रिव्हेट एकेक करून ठोकायचे. रिव्हेट ठोकताना एक जण बाहेरून हातोडी-यंत्र धरतो आणि दुसरा आतून लोखंडी ठोकळा टेकवतो. बहुतेक घरांत ही दुसरी व्यक्ती पत्नी, पती, मुलगा किंवा मुलगी असते. विमानाच्या नोंदीत नाव एकाचे असले तरी श्रम कुटुंबाचे असतात, हे सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने लक्षात घेतले पाहिजे. हे सारे पूर्ण होण्यास साधारण दीड ते दोन हजार तास लागतात. नोकरी करणाऱ्या माणसाच्या हिशेबाने हा काळ सहज तीन-चार वर्षांचा होतो.

एक्कावन्न टक्क्यांचा नियम

किट जसजसे परिपूर्ण होत गेले तसतसा एक नवा प्रश्न निर्माण झाला. बहुतेक काम कारखान्यातच झालेले असेल तर विमान बांधले कोणी? अमेरिकी नियमानुसार विमानाच्या निर्मितीचा व जोडणीचा मोठा भाग हौशी व्यक्तींनी केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केलेला असला पाहिजे. बोलीभाषेत यालाच 'एक्कावन्न टक्क्यांचा नियम' म्हणतात. ही अट पूर्ण झाली तर कारखान्यातील विमानाला लागणारे खर्चिक नमुना-प्रमाणपत्र माफ होते. मात्र विमानावर 'प्रायोगिक' असा शब्द ठळक लिहावा लागतो, प्रवाशाला सूचना देणारी पाटी लावावी लागते, प्रवासी घेऊन व्यवसाय करता येत नाही आणि आरंभीच्या चाचणी-उड्डाणांसाठी परंपरेने २५ किंवा ४० तासांचा कालावधी ठरलेल्या क्षेत्रात पूर्ण करावा लागतो.

या नियमातील 'शिक्षण' हा शब्द विशेष अर्थपूर्ण आहे. शासन येथे नागरिकाला सूट देते ती त्याच्या श्रीमंतीमुळे किंवा पदवीमुळे नव्हे. स्वतःच्या हाताने काम करून शिकणे हे समाजाच्या दृष्टीने मोलाचे आहे, या भूमिकेतून ती दिलेली आहे. बांधणाऱ्याला आपल्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचा दाखलाही मिळू शकतो, कारण त्या विमानाला त्याच्याइतके दुसरे कोणी ओळखत नाही, असे गृहीत धरले जाते. पैसे देऊन दुसऱ्याकडून विमान बांधून घेण्याचे प्रकार वाढले तेव्हा या मूळ हेतूलाच धक्का बसला आणि २००९ साली मूल्यमापनाची पद्धत अधिक काटेकोर करण्यात आली.

सुरक्षिततेचा प्रश्न

या चळवळीचे केवळ गुणगान करणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ताफ्यात सुमारे दहा टक्के असलेल्या या विमानांचा २०११ सालच्या छोट्या विमानांच्या अपघातांत १५ टक्के आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के वाटा होता. इंजिन बंद पडणे आणि विमानावरील ताबा सुटणे ही प्रमुख कारणे होती. अपघातांचे प्रमाण विमानाच्या आयुष्याच्या आरंभी अधिक होते. त्याचप्रमाणे अपघातग्रस्त विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमाने मूळ बांधणाऱ्याकडून दुसऱ्याने विकत घेतलेली होती. म्हणजे कायद्याने ज्या माणसाच्या शिक्षणावर विश्वास टाकला होता, तो माणूस विमानातून बाहेर पडला की त्या विश्वासाचा आधारही विरळ होतो. वरील आकडेवारी एक्कावन्न टक्क्यांच्या नियमामागील तर्काला एका अर्थाने पुष्टी देते आणि दुसऱ्या अर्थाने त्याची मर्यादाही दाखवते.

किटवरील अवलंबित्वाचीही एक बाजू आहे. व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीने लेझरने कापलेले काही भाग ग्राहकांना पाठवल्यानंतर त्यांच्या भोकांभोवती तडे जाण्याचा प्रश्न उद्भवला. इतर आर्थिक अडचणींची भर पडून डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीला दिवाळखोरी कायद्याचे संरक्षण मागावे लागले. २०२४ साली पुनर्रचना होऊन ती पुन्हा उभी राहिली, पण ग्राहकांना वाढीव किंमत मोजावी लागली. १९३६ साली जो दोष आराखड्यात होता, तो २०२३ साली कारखान्यातून आलेल्या भागात होता. दोन्ही वेळी त्याची झळ गॅरेजमधल्या माणसाला पोहोचली.

भारत व महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा शिवकर बापूजी तळपदे यांच्या नावापासून सुरू होते. १८९५ साली त्यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, अशी आख्यायिका प्रचलित आहे. मात्र तिला विश्वसनीय समकालीन पुरावा उपलब्ध झालेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाशी हा विषय जोडला जातो, त्याची तपासणी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली केली. हा ग्रंथ विसाव्या शतकातील असून त्यातील विमाने उडण्यास असमर्थ आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तळपदे यांच्या जिज्ञासेविषयी आदर बाळगूनही इतिहासाच्या अभ्यासकाला आख्यायिका आणि पुरावा यांत फरक करावाच लागतो.

घरगुती विमानाचा भारताशी आलेला खरा संबंध कमी नाट्यमय, पण अधिक फलदायी आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात रुटान यांच्या 'लाँग-इझ' या घरगुती विमानाच्या आराखड्यावर आधारित हलके संशोधन विमान बांधले आणि तंतुमिश्रित साहित्याच्या बांधणीचा अनुभव मिळवला. पुढे याच प्रयोगशाळेचे 'हंसा' हे दोन आसनी प्रशिक्षण विमान १९९३ साली उडाले आणि 'हंसा-३' ला २००० साली प्रमाणपत्र मिळाले. अमेरिकेतील हौशी माणसाच्या गॅरेजसाठी तयार झालेली पद्धत भारतात शासकीय प्रयोगशाळेत शिरली. भारतीय गॅरेजमध्ये मात्र ती पोहोचली नाही.

ती गच्चीवर पोहोचवण्याचा प्रयत्न कॅप्टन अमोल यादव यांनी केला. व्यवसायाने वैमानिक असलेल्या यादव यांनी मुंबईतील कांदिवली येथील निवासी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते किट नव्हते, आराखडा त्यांचाच होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत भरलेल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते प्रदर्शित झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची 'व्हीटी-एनएमडी' या चिन्हाखाली नोंदणी केली. ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला आणि २०२० साली धुळे येथे चाचणी-उड्डाणे झाली. नोंदणी व परवान्यासाठीचा त्यांचा पाठपुरावा कित्येक वर्षे चालला आणि हा विषय मुख्यमंत्री व पंतप्रधानांच्या पातळीपर्यंत गेला.

या घटनाक्रमाची बोगार्डस यांच्या प्रवासाशी तुलना केली असता एक फरक नजरेत भरतो. बोगार्डस राजधानीला गेले आणि परत येताना सर्वांसाठी नियमाची वाट मोकळी झाली. आपल्याकडे एका जिद्दी नागरिकाला अखेर परवानगी मिळाली, पण त्याच्या मागून येणाऱ्यासाठी रुळलेली वाट तयार झाली असे म्हणता येत नाही. तपासणी करणारी हौशी संघटना, प्रशिक्षित निरीक्षकांचे जाळे, चाचणीसाठी राखीव क्षेत्र आणि सुटे भाग सहज मिळण्याची सोय यांची अमेरिका-ब्रिटनच्या तोडीची व्यवस्था येथे अद्याप उभी राहिलेली नाही. १९३४ च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे. नव्या अधिनियमाखाली हौशी बांधणाऱ्याला कोणते स्थान मिळते, यावर पुढील प्रयत्नांचे भवितव्य अवलंबून राहील.

आपल्या शहरांची दाट वस्ती आणि गजबजलेले विमानतळ लक्षात घेता शासनाची सावधगिरी निराधार नाही, हेही नमूद केले पाहिजे. परंतु परवानगी न देणे आणि परवानगीची पद्धतच नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत नागरिकाला कारण कळते आणि तो सुधारणा करू शकतो. दुसरीत तो केवळ खेटे घालत राहतो.

बांधणीवही : इतिहासाचे एक साधन

अमेरिकी पद्धतीत मोठा भाग आपणच बांधला हे सिद्ध करण्यासाठी बांधणारे तारीख, केलेले काम, लागलेला वेळ आणि छायाचित्रे यांची नोंदवही ठेवतात. कायद्याच्या गरजेपोटी निर्माण झालेल्या या वह्या म्हणजे विसाव्या शतकातील हस्तश्रमांचे मोठे दफ्तर आहे. कोणत्या रात्री कोणता रिव्हेट वाकडा गेला, तो कसा काढला, कोणी मदत केली, पैसे नसल्याने काम किती महिने थांबले, हे सारे त्यांत असते. सामान्य माणूस आपल्या कामाची अशी नोंद सहसा मागे ठेवत नाही. तळपदे यांच्याविषयी आख्यायिका उरली आणि वही उरली नाही, ही आपल्या इतिहासाची हानी आहे. यादव यांच्यासारख्यांच्या कामाची कागदपत्रे, रेखाचित्रे व पत्रव्यवहार वेळीच जतन झाले, तर पुढील अभ्यासकांवर पुन्हा तीच वेळ येणार नाही.

निष्कर्ष

१) विमानविद्येचा आरंभच घरगुती बांधणीतून झाला. कारखाना व प्रमाणपत्र या नंतर आलेल्या व्यवस्था आहेत.
२) मासिके, नकाशे व किट यांनी विमानविषयक ज्ञान सामान्यांपर्यंत नेले. त्यातही किटने अचूकता व वेग वाढवला, पण बांधणाऱ्याचे कारखान्यावरील अवलंबित्वही वाढवले.
३) अपघातांनी बंदी आणली आणि संघटित प्रयत्नांनी ती सशर्त परवानगीत बदलली. स्वयंशासित संघटना हा शासन व नागरिक यांमधील निर्णायक दुवा ठरला.
४) एक्कावन्न टक्क्यांच्या नियमाचा पाया शिक्षण हा आहे. मूळ बांधणारा बदलला की धोका उरतोच, हे आकडेवारी दाखवते.
५) भारतात वैयक्तिक जिद्दीची उदाहरणे आहेत, परंतु तिला सामावून घेणारी संस्थात्मक पद्धत विकसित झालेली नाही.

समारोप

घरी विमान बांधणाऱ्यांची संख्या कोणत्याही देशात मोठी असणार नाही. किट, इंजिन आणि उपकरणे यांचा खर्च पाहता ही हौस आजही सर्वांच्या आवाक्यातील नाही. तरीही या मूठभर लोकांना समाज कसे वागवतो, यावरून त्या समाजाची नागरिकाकडे पाहण्याची दृष्टी कळते. अभियांत्रिकी महाविद्यालये, विमान उड्डाण संस्था आणि महासंचालनालय यांनी एकत्र येऊन एखाद्या मान्यताप्राप्त किटची बांधणी विद्यार्थ्यांकडून, तपासनीसांच्या देखरेखीखाली व संपूर्ण नोंदी ठेवून करून घेतली, तर नियम कसा असावा हे ठरवण्यासाठी प्रत्यक्ष अनुभव हाती येईल. पदवीसाठी पाठ केलेले सूत्र आणि स्वतःच्या हाताने ठोकलेला रिव्हेट यांची गाठ आपल्या शिक्षणव्यवस्थेत फार क्वचित पडते. ती घालून देण्यासाठी विमान हे महाग, परंतु अतिशय प्रामाणिक साधन आहे, कारण हवेत गेल्यावर त्यात केलेली हयगय लपत नाही.